सगळे हात खाली येईपर्यंत

महादेवी,

तुला बसवून नेलं. तुम्हा लिंगायतांची ही पद्धत मला ऐकून माहीत होती. पण ऐकणं वेगळं, आणि आपल्या मैत्रिणीला कपाळाला पट्टी बांधून भिंतीशी टेकवून बसवलेलं बघणं वेगळं. कपाळभर भस्म, गळ्यात झेंडूच्या माळा, हात मांडीवर. इतकी वर्षं एका शाळेत काढली, पण मी तुला शाळेत कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. तुझ्या वर्गातली खुर्ची कायम भरलेली असायची. फुटकं मडकं, लोकरीचा पुंजका, कडुलिंबाची डहाळी, मागाचा तुटलेला धोटा, कुणाच्या तरी आजीचा चंबू. तू उभी राहायचीस आणि खुर्चीवर मडकं बसायचं. एकदा तपासणीला साहेब आले तेव्हा त्यांच्यासाठी ती खुर्ची रिकामी करावी लागली, आणि त्यातली कडुलिंबाची ओली डहाळी नेमकी तिथंच राहिली. चुकून राहिली, असं तू मला सांगितलंस. मी तेव्हाही विश्वास ठेवला नाही.

तुमच्याकडे बायकाही मागोमाग जातात, म्हणून मी आले. तुझा भाऊ म्हणाला, "बाई, तुमी कशाला उन्हात? घरी थांबा की." मी थांबले नाही. पुढे वाजंत्री होती. मला वाजंत्री लग्नातसुद्धा सोसत नाही, हे तुला माहीत आहे. तुला तसंच खड्ड्यात बसवून बेलाची पानं टाकली, भस्म टाकलं, मग माती. माती मांडीपर्यंत येईतो मी बघत होते. पुढचं बघितलं नाही.

हे सगळं तुलाच का सांगते आहे? दुसऱ्या कुणाला सांगायला गेलं की ते लगेच "ईश्वरेच्छा" म्हणतात. त्यावर बोलायला काही उरत नाही.

आपण ट्रेनिंगला एका खोलीत होतो तेव्हा तू एकदा मला तुझी पहिली शाळा सांगितली होतीस. अक्कलकोटच्या पलीकडचं तुझं गाव, घरात सगळं कन्नड, आणि मामाकडे शिकायला आल्यावर एकदम मराठी शाळा. "काय बोलतात ते कळायचं नाही," तू म्हणालीस. "वर्ग हसला की मी हसायची. वर्ग गप्प झाला की गप्प. एक सबंध वर्ष मी उसनं हसले." मी तेव्हा हसले होते. तू हसली नव्हतीस. पुढे तू वर्गात जे काही केलंस त्याचं मूळ तिथं होतं, हे मला कळायला बरीच वर्षं लागली. आणि कळलं म्हणून पटलं असंही नाही.

आपल्या शाळेतली मुलं घरून येताना तेलुगू बोलत येतात, कुणी कन्नड, कुणी दखनी, आणि ज्यांची मराठी आहे त्यांची पुस्तकातली नाही. गिरणीचा भोंगा तेवढा सगळ्यांना सारखा कळतो. अशा मुलांपुढे पुस्तकात धडा येतो तो निर्झराचा. सोलापुरात, जिथं नळाला पाणी आलं की गल्ली धावते, तिथं निर्झर. बाकीच्या आम्ही सगळ्यांनी "निर्झर म्हणजे झरा" असं फळ्यावर लिहून दिलं. झरा म्हणजे काय, हे विचारायचं मुलांना सुचलं नाही आणि आम्हाला परवडलं नसतं. तू मात्र तुझा वर्ग घेऊन गळणाऱ्या माठापाशी गेलीस आणि अर्धी सकाळ तिथं घालवलीस. ओल म्हणजे काय, पाझर म्हणजे काय, झरा म्हणजे काय, आणि मग निर्झर. प्रत्येक पोरानं हात लावून बघायचं आणि घरी त्याला काय म्हणतात ते सांगायचं. घरचा शब्द सांगितल्याशिवाय पुस्तकातला शब्द कुणाला मिळायचा नाही.

आणि तुझा तो डोक्यावरच्या हाताचा नियम. वर्गात "म्हणजे काय?" असं विचारायला पोरं लाजतात, बाकीची हसतात. म्हणून तू ठरवलंस की शब्द कळला नाही तर काही बोलायचं नाही, नुसता हात डोक्यावर ठेवायचा. बाईंनी बघितलं की बाई थांबणार. आणि सगळे हात खाली येईपर्यंत वर्ग पुढं जाणार नाही. ज्यांना कळलं त्यांनीसुद्धा थांबायचं. हसायचं नाही, कुजबुजायचं नाही, नुसतं थांबायचं.

साहजिकच तुझा वर्ग कायम मागे. माझा अभ्यासक्रम संक्रांतीला संपायचा, तुझा परीक्षेच्या दिवशीही संपलेला नसायचा. आपले मुख्याध्यापक, ज्यांना आपण आपसांत 'प्रस्तावना' म्हणायचो, कारण ते त्यापुढे कधी गेलेच नाहीत, तुला बोलावून घ्यायचे. "बाई, आपण सर्वांनी मिळून एका विशिष्ट गतीनं मार्गक्रमण करणं हे..." आणि एके दिवशी तू त्यांच्यासमोर उभी राहून शांतपणे हात डोक्यावर ठेवलास. ते म्हणाले, "बरं वाटत नाही का? मग जा, बसा जरा." बाहेर येऊन आपण दोघी नळापाशी इतक्या हसलो की शिपाई बघायला आला.

पण मी तुझ्या बाजूची नव्हते. हे आज मुद्दाम लिहून ठेवते, कारण माणूस गेलं की सगळे जण त्याच्या बाजूचे होतात. माझ्या वर्गात समानार्थी शब्द पाठ व्हायचे. रवी, भानू, भास्कर, दिनकर. तू दारातून जाताना म्हणायचीस, "लीले, तुझ्या पोरांना सूर्याची ढीगभर नावं येतात, पण चटका म्हणजे काय ते एकाला सांगता येत नाही."

"तुझ्यांना चटका सांगता येतो," मी म्हणायची, "पण परीक्षेत चटक्याला मार्क नाहीत."

"मग परीक्षा चुकली की."

"परीक्षा चुकली तरी नापास पोरंच होतात, महादेवी. परीक्षा होत नाही."

माझा हा मुद्दा बरोबर होता आणि आजही बरोबर आहे. तुझी काही पोरं सातवीला अडली. कुणी मागावर बसली, कुणी आईबरोबर विड्या वळायला. माझी त्यांच्यापेक्षा जास्त पास झाली. आता त्यांतली किती जण कुणाला भास्कर म्हणतात, ते मात्र मी बघायला गेलेले नाही.

आपलं खरं भांडण झालं ते पद्मावरून.

पद्मा तेव्हा दुसरीत होती. तिचा लहान भाऊ गोवरानं गेला. घरात, गल्लीत, शाळेत सगळ्यांनी तिला एकच सांगितलं, देवाघरी गेला. मीही तेच सांगितलं. पोरगी शाळेत येत होती, रडत नव्हती, आणि मधल्या सुट्टीत मिळणारं खाणं अर्धं पदराला, म्हणजे परकराच्या ओच्याला, बांधून ठेवत होती. तो आल्यावर त्याला द्यायला. सगळ्यांनी ते बघितलं आणि सगळ्यांनी मान वळवली. मग तुझ्या वर्गात कुठल्याशा धड्यात 'देवाघरी' हा शब्द आला आणि पद्मानं हात डोक्यावर ठेवला.

तू थांबलीस. पुस्तक मिटलंस. तिच्यापाशी जाऊन खाली बसलीस, म्हणजे टेकलीस, आणि म्हणालीस, "देवाघरी म्हणजे मेला. तुझा भाऊ मेला, पद्मा. मेला म्हणजे परत येत न्हाई."

तिनं जे रडणं काढलं ते माझ्या वर्गापर्यंत ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी तिची आई आली. बोटांना विडीच्या तंबाखूचा वास, पदर खोचलेला, डोळे सुजलेले. तू फळा पुसत होतीस.

"बाई, लेकराला काय सांगितलासा?"

"खरं सांगितलं."

"खरं मला म्हाईत न्हाय व्हय? माझ्या मांडीवर मेला की तो. आमी सांगितलो असतो की तिला. सावकाश सांगितलो असतो."

ती गेली. तू फडकं हातात घेऊन तशीच उभी. मग शिक्षकांच्या खोलीत मी तुला सोडलं नाही. एवढ्याशा पोरीला असं सांगतात का? शब्द शिकवायचे म्हणून मरणसुद्धा शिकवायचं का? थोडी मुदत द्यायची असते लहान माणसाला. मोठ्यालासुद्धा द्यायची असते. 'देवाघरी' हा शब्द खोटा आहे हे मलाही कळतं, पण तो चादरीसारखा आहे. थंडी आहे तोवर पांघरू दे की तिला.

तू फक्त एवढंच म्हणालीस, "तिनं हात डोक्यावर ठेवला होता, लीला. मी काय करू? पुढचा धडा घेऊ?"

पण पद्माच्या आईचा 'सावकाश' हा शब्द तुला लागला होता, हे मी बघितलं होतं. पद्मा बरेच दिवस आली नाही. मग आली, आणि तुझ्याच वर्गात, पहिल्या रांगेत बसली. ओच्याला खाणं बांधायचं बंद झालं होतं. तू म्हणालीस, "बघ." मी म्हटलं, "काय बघ? ते आईनं केलं असेल." ते भांडण तिथंच राहिलं. तू दुसरीबरोबर तिसरीत गेलीस, पोरं तीच, आणि आपण त्यावर पुन्हा बोललो नाही.

मग तुझं पोट दुखायला लागलं.

दवाखान्यातली ती दुपार मला सारखी आठवते. खाटेला लागून खिडकी, बाहेर चिंचेचं झाड, तुझ्या उशाशी भावानं आणलेली मोसंबी. डॉक्टर आले आणि पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून तुझ्या भावाशी इंग्रजीत बोलले. तुझा भाऊ शेंगांचा अडत्या, त्याला त्यातलं किती कळलं देव जाणे, पण तो सगळ्याला मान हलवत होता. डॉक्टर गेल्यावर तो वळला आणि म्हणाला, "काई न्हाई अक्का. साधी गाठ हाय. विरघळंल."

तू त्याच्याकडे बघितलंस. मग सावकाश हात उचललास आणि डोक्यावर ठेवलास.

तो बिचारा घाबरला. "डोकं दुखायलंय व्हय?" म्हणत गोळी आणायला धावत नर्सकडे गेला. खोलीत मी एकटी होते, जिला तो हात कळत होता, आणि डॉक्टरांचं इंग्रजीही. आणि तुलाही माहीत होतं की मला कळतं आहे. तू माझ्याकडेच बघत होतीस.

मुदत द्यायची असते असं म्हणणारी मी. चादर पांघरू दे म्हणणारी मी. मी तुझ्या खाटेवर बसले आणि म्हटलं, "कॅन्सर आहे, महादेवी. आता बरा होत नाही म्हणाले."

तुझा हात अजून डोक्यावरच होता. खिडकीबाहेर चिंचेच्या झाडावर कावळे भांडत होते. मला वाटलं, आणखी काही विचारशील. मग हात खाली घेतलास आणि भिंतीकडे बघत म्हणालीस, "थोडं सावकाश सांगायचंस की."

तेवढ्यात तुझा भाऊ गोळी घेऊन आला, आणि तू ती घेतलीस.

त्यानंतर तू होतीस तितके दिवस आपण सगळं बोललो. शाळेचं छप्पर, माझ्या सुनेचा स्वयंपाक, प्रस्तावनांची येऊ घातलेली सेवानिवृत्ती. हे एक सोडून. तू ते वाक्य रागानं म्हणालीस, की चेष्टेनं, की पद्माच्या आईचा शब्द वर्षभर मनात ठेवून आज तो मला देऊन टाकलास, हे मी विचारलं नाही. त्या दुपारी मी तुझ्या बाजूला आले आणि तू माझ्या बाजूला गेलीस. मधे भांडायला कुणी उरलंच नाही. मी चुकले असं मला वाटत नाही. बरोबर केलं असंही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. तू सांगू शकली असतीस.

परवा तुझी शोकसभा झाली. शोकसभेलाही प्रमुख पाहुणे असतात, हे मला परवा कळलं. तू असतीस तर विचारलं असतंस, मग यजमान कोण? पटांगणात सतरंज्या, सगळे वर्ग रांगेत, टेबलावर तुझा फोटो. फोटोत तू कुणावर तरी रागावलेली दिसतेस. मला वाटतं फोटोग्राफरवर.

प्रस्तावना उठले. "बाईंच्या आकस्मिक जाण्यानं," म्हणाले. तू पावसाळाभर अंथरुणाला खिळून होतीस, पण शोकसभेत जाणं आकस्मिकच असावं लागतं. "आपल्या शाळेत कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली आहे." ती पोकळी दुसऱ्याच दिवशी प्रार्थनेनंतर भरून आली. तुझा वर्ग माझ्या वर्गाला जोडून दिला.

मग पाहुणे. ते कमिटीतले एक कापडाचे व्यापारी, चांगले गृहस्थ आहेत, पण माइक दिसला की त्यांच्यातला चांगुलपणा संस्कृतात जातो. "ज्ञानयज्ञात आयुष्याची समिधा अर्पण करून," ते म्हणाले, "बाई इहलोकीची यात्रा संपवून कैलासवासी झाल्या."

पुढच्या रांगेत पद्मानं हात डोक्यावर ठेवला.

तिच्या शेजारच्या पोरानं ठेवला. मग त्याच्या मागच्या. तुझा सबंध वर्ग, एकेक करून. पाहुण्यांनी ते बघितलं आणि रुमाल काढून डोळे पुसले. खोटं नाही, डोळे खरंच भरले होते. "बघा," ते म्हणाले, "ही चिमुकली पाखरं कशी शोकसागरात बुडाली आहेत!" शोकसागर ऐकून उरलेले दोन-चार हातही डोक्यावर गेले. मग दुसऱ्या वर्गांनी बघितलं. त्यांना वाटलं, शोकसभेत असंच करायचं असतं, म्हणून त्यांनीही हात डोक्यावर ठेवले. सगळं पटांगण डोक्यावर हात घेऊन बसलं. पाहुणे जितकं भरून येऊन बोलत होते तितकं कमी कळत होतं, आणि जितकं कमी कळत होतं तितकं त्यांना आणखी भरून येत होतं. प्रस्तावना माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "काय वळण लावलंय बाईंनी मुलांना!"

मी पदर तोंडात धरला. लोकांना वाटलं रडते आहे. नळापाशी कुणी येणार नव्हतं, म्हणून मग खरंच रडू आलं.

स्तब्धता पाळली तेव्हाही तुझ्या वर्गाचे हात तसेच होते. बाकीच्यांनी काढले, तुझ्यांनी काढले नाहीत. ती पोरं थांबली होती. कुणीतरी सांगेल म्हणून. एकाही मोठ्या माणसानं, मी धरून, त्या पोरांना अजून धड काही सांगितलेलं नव्हतं. बाई कुठं गेल्या? दवाखान्यात. मग? मग कैलासात. पद्माला कैलास कळत नव्हता असं मला वाटत नाही. हा शब्द कुठल्या जातीचा आहे, हे ती एकदा शिकली होती. तरीही तिनं हात ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी मी तुझ्या वर्गात गेले. माझी पोरं भिंतीकडेला दाटीवाटीनं बसली, तुझी आपापल्या जागी. खुर्चीवर तुझ्या वस्तू तशाच. मडकं, धोटा, लोकर, आणि डहाळी आता वाळून गेलेली. मी त्या हलवल्या नाहीत, उभीच राहिले. पहाटेपासून माझं डोकं धरलं होतं.

सांगायचं की नाही, हे मी रात्रभर ठरवत होते असं नाही. मी ठरवलं होतं, सांगायचं नाही. मोठ्या सुट्टीनंतर, दिवाळीनंतर, त्यांच्या आयांनी, सावकाश. मी फळ्यावर तारीख लिहिली, वळले, आणि बघितलं तर तुझी पोरं हात डोक्यावर ठेवून बसलेली. कालच्यासारखीच, गप्प. मी अजून एक शब्दसुद्धा बोलले नव्हते.

मी म्हटलं, "बाई वारल्या."

थोडे हात खाली आले. थोडे राहिले. पद्माचा राहिला.

माझ्या तोंडून तो शब्द निघेना. आपल्याकडे वडीलधाऱ्यांना, शिक्षकांना तो लावत नाहीत. जनावरांना लावतात. शेजारच्या वर्गात प्रस्तावनांना ऐकू गेला असता तर त्यांनी उद्या मला बोलावलं असतं. पण तू फडकं हातात घेऊन कशी उभी होतीस, ते मला दिसत होतं.

"बाई मेल्या," मी म्हटलं. "मेल्या म्हणजे परत येणार नाहीत. आता प्रत्येकानं सांगा, घरी काय म्हणतात."

मग मागून एक पोरगा कन्नडमध्ये म्हणाला, "सत्तरु." एक पोरगी म्हणाली, आमच्यात "मर गये" म्हणतात. पद्मानं तेलुगूत सांगितलं, "सच्चिपोयिन्रु," आणि हात खाली घेतला. ती रडली नाही. माझ्या वर्गातला एक शहाणा उठून म्हणाला, "बाई, निधन, देहावसान, स्वर्गवास," आणि कुणीही हसलं नाही. एकेक करून हात खाली आले. कुणी कुणी रडत होतं, हलक्या आवाजात. मी त्यांना रडू दिलं. मग म्हटलं, "पुस्तकं काढा."

कुणी काढलं नाही. दोन्ही वर्ग माझ्याकडे बघत गप्प बसलेले. मी पुन्हा म्हटलं, जरा जोरात. तरी कुणी दप्तराला हात लावला नाही.

शेवटी पद्माच म्हणाली, "बाई, तुमचा हात अजून डोक्यावरच हाय की."

मला वाटत होतं, डोकं दुखतंय म्हणून धरलंय. मी तो खाली घ्यायला गेले आणि तो येईना. वर्ग थांबून राहिला. हसला नाही, कुजबुजला नाही. तू शिकवलं होतंस तसा.